रघुअण्णांचा नमुनापाठ

रघुअण्णांसमोर कोणीही काहीही बोललं की त्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द ते पुन्हा म्हणत. मुद्दाम नव्हे, आणि थट्टेने तर नव्हेच. तुम्ही म्हणावं, "आज उकडतंय फार," की अण्णा मान डोलावून म्हणणार, "उकडतंय फार." न्हाव्याने म्हणावं, "अण्णा, मान खाली घ्या," की हे गोड आवाजात "खाली घ्या" म्हणणार आणि मान आहे तिथेच ठेवणार. बरं, नुसतं म्हणतील तर रघुअण्णा कसले? किंचित सुरात म्हणायचे.

गिरगावातल्या आमच्या वाडीला त्याची सवय होती. नवख्या माणसाची मात्र तारांबळ उडे. एकदा वाडीच्या तोंडाशी एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन चालली होती. तिने हाक दिली, "बोंबील घ्या गो, ताजं बोंबील!" अण्णा नेमके पूजेची फुलं घेऊन मागून येत होते. त्यांनी पट्टी धरून साथ दिली, "ताजं बोंबील!" कोळीण वळून बघते तो सोवळं नेसलेला, शेंडीवाला गृहस्थ. ती म्हणाली, "अवो भटजी, तुमचा गला लय ग्वाड हाय. रोज येवा माझ्यासंगती." अण्णा म्हणाले, "येवा माझ्यासंगती." वाडीतल्या बायका त्यानंतर आठवडाभर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

वाडीतले भाऊसाहेब वारले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्यांचा मुलगा हंबरडा फोडून म्हणाला, "बाबा आम्हाला सोडून गेले हो!" आणि मागून रघुअण्णांनी "गेले हो" अशा काही करुण सुरात उचललं, की भाऊसाहेबांशी वर्षानुवर्षं अबोला धरलेला त्यांचा सख्खा भाऊ मटकन खाली बसून रडायला लागला. गणिताचा मास्तर असलेल्या माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एरवी सूर आणि सुरण यांतला फरक मला घशाला खाज सुटल्यावरच कळतो, असं माझी बायको चारचौघांत सांगत असे.

ही सवय त्यांना लागली होती ती पोटाच्या धंद्यातून. रघुअण्णा झीलकरी होते. कीर्तनकार बुवा पुढे उभे राहतात, आख्यान सांगतात, पद सुरू करतात. त्यांच्या मागे, दोन पावलं उजवीकडे, टाळ घेऊन एक माणूस उभा असतो. बुवांनी ओळ म्हटली की तिचा शेवट उचलायचा, पालुपद घोळवायचं, बुवांना दम घ्यायला सवड द्यायची, बुवांचा सूर घसरला तर आपला सूर त्याखाली सरकवून तो सावरायचा, आणि लोकांनी "वाहवा" केली की मान खाली घालायची. याला झील धरणं म्हणतात. रघुअण्णांनी मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत मोरोबुवांची झील धरली. वाळकेश्वरापासून प्रभादेवीपर्यंत असं देऊळ नसेल, जिथे मोरोबुवा पुढे आणि रघुअण्णा मागे उभे राहिले नाहीत.

अण्णांनी लग्न केलं नाही. म्हणजे करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. तरुणपणी त्यांना एक स्थळ सांगून आलं होतं. मोरोबुवा म्हणाले, "चातुर्मास तोंडावर आलाय, इतक्यात नको." अण्णा म्हणाले, "इतक्यात नको." बुवा पुढे तो विषय काढायला विसरले, आणि आपण होऊन विषय काढणं अण्णांच्या स्वभावातच नव्हतं.

एका श्रावणात मोरोबुवा गेले. दुसऱ्या बुवांकडे आपापले झीलकरी होते. वाडीजवळच्या देवळाच्या मागची एक खोली अण्णांना राहायला होती, तीही बुवांच्या पुण्याईवर. नव्या पंचांनी ती रिकामी करायला सांगितलं नव्हतं, पण येता-जाता खोलीकडे बघायला सुरुवात केली होती. राजापूरकडे एक पुतण्या होता. त्याने पडवीत जागा देऊ केली होती. "तिथे गाणं-बिणं आहे का हो काही?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "गुरं आहेत." मुंबई सोडायची नसेल तर अण्णांना काहीतरी काम मिळायला हवं होतं, आणि झील धरण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

त्याच सुमारास मी शिकवत होतो त्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचं ठरलं. कमिटीला गवई नको होता. गवयाच्या नावाला त्या काळी जे जे चिकटलेलं असे, ते मुलींच्या शाळेच्या उंबऱ्याआत कोणालाच नको होतं. हवा होता पिकल्या केसांचा, देवळातला, आणि शक्यतो थोडासा कंटाळवाणा माणूस. हेडमास्तरांनी मला विचारलं, मी रघुअण्णांचं नाव सांगितलं. पण एक अडचण होती. कमिटीवरच्या एका शेटजींनी उत्साहाच्या भरात विलायती सामान मागवून ठेवलं होतं. एक पायपेटी, सुरांच्या रेघा आखलेला तीन पायांच्या तिकाटण्यावरचा काळा फळा, आणि देवळाच्या शिखरासारखं एक लाकडी तालयंत्र. त्याला किल्ली दिली की त्याचा काटा इकडून तिकडे टक टक करत डोलायचा. मुलींनी त्याचं नाव टकटकोबा ठेवलं. "मी म्हणतो तसं म्हणा" हा जुना प्रकार नको, सामान वापरून नव्या पद्धतीने शिकवलं पाहिजे, आणि नेमणुकीआधी चिटणिसांपुढे एक नमुनापाठ झाला पाहिजे, अशी कमिटीची अट होती.

यंत्र म्हटलं की गणिताचा मास्तर, असा हेडमास्तरांचा हिशेब. शाळा सुटल्यावर रघुअण्णांना ही यंत्रं शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी पायपेटीशी गाडं अडलं. खालच्या दोन फळ्या पायाने आळीपाळीने दाबायच्या आणि वर हाताने वाजवायचं, हे मी दाखवलं. अण्णा दोन हात मागे सरले.

"वाद्याला पाय लावायचा?"

"लावायचाच. त्याशिवाय वाजत नाही."

"मास्तर, सरस्वती आहे ती."

"सरस्वती वरच्या बाजूला आहे, जिथे हात आहेत. खाली नुसता भाता आहे. लोहाराकडे असतो तसला."

"असतो तसला," अण्णा म्हणाले. पण त्यांचं समाधान झालं नाही. ते नळावर जाऊन पाय घासून धुऊन आले, बसले, आणि त्यांनी फळी दाबली. दाबली आणि लगेच खाली वाकून तिला हात लावून नमस्कार केला. मग दुसरी दाबली आणि तिला नमस्कार केला. गाणं चाललेलं असताना पेटीमागून त्यांचं डोकं सारखं नाहीसं होई. पेटी एवढीशी हुंकारे आणि गप्प बसे. आजारी म्हशीजवळ बसल्यासारखं वाटायला लागलं.

हा प्रश्न मी गणिताने सोडवला. म्हटलं, "अण्णा, पाठात जेवढे नमस्कार लागतील तेवढे आधीच घालून टाका. शिलकीत राहतील." ही कल्पना त्यांना मनापासून पटली. त्यानंतर ते पेटीपुढे आडवे होऊन जे नमस्कार घालायला लागत, ते बघून शाळेच्या शिपायाने मला हळूच विचारलं, "हे मारुतीचे भक्त का?"

फळ्याची गोष्ट वेगळी. खडू त्यांना आवडला. सा-रे-ग-म ते रांगोळी घातल्यासारखं नाजूक लिहीत. पण लिहून झालं की फळ्याच्या मागे जाऊन उभे राहत. समोरून फक्त फळ्याखालचं धोतर आणि दोन पाय दिसायचे.

"अण्णा, पुढे या!"

"पुढे या," फळा म्हणाला.

"अहो, मी तुम्हाला सांगतोय! मास्तर फळ्याच्या पुढे असतो."

ते बाहेर आले, ओशाळून हसले. म्हणाले, "चूक झाली. पुढे काही उभं असलं की पाय आपोआप मागे जातात." सुरुवातीला मी चिडायचो. मग जमिनीवर खडूने एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. त्या वर्तुळात ते शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहत.

टकटकोबाशी मात्र त्यांचं पहिल्या भेटीतच जमलं. ते साहजिकच होतं, कारण टकटकोबा पुढे चालत होता आणि अण्णांना कोणाच्या तरी मागून जायचं होतं. सरावासाठी तिसरीच्या मुली बसवल्या. पद आमच्या हेडमास्तरांनी स्वतः रचलेलं होतं आणि त्यात आरोग्याचा उपदेश होता: "दात घासा, तोंड धुवा, वेळेवरी शाळेत या." मुलींना ते पाठ होतं, त्यांनीच सुरू केलं. अण्णांनी झील धरली आणि खरं सांगतो, त्या दंतमंजनात रस उतरला. मी खुशीत मान डोलवायला लागलो. इतक्यात यंत्राची किल्ली संपत आली. काटा मंदावला. अण्णाही मंदावले. टक... टक... करत तो रेंगाळायला लागला, तसे अण्णा "तोंऽऽड... धुऽऽवा..." असे लांबत गेले, आणि मुलीही लांबत गेल्या. शेवटी काटा आडवा होऊन थांबला. सगळा वर्ग तोंड उघडं ठेवून थांबला. कोणीतरी "धु" म्हणून घेतलं होतं, "वा" राहिला होता.

मी ओरडलो, "थांबलात का?"

"ते थांबले," अण्णांनी टकटकोबाकडे आदराने बोट दाखवलं. "बुवा थांबले की आपण थांबायचं."

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येत होतं. खरा घोळ पुढेच होता. नमुनापाठात पद मास्तरांनी सुरू करायचं होतं, आणि रघुअण्णांना सुरू करता येत नव्हतं. मधून उचला म्हटलं तर कुठूनही उचलतील. सबंध पद तोंडपाठ. पण पहिला शब्द? तो यायचाच नाही. ते वर्तुळात उभे राहत, श्वास घेत, ओठ उघडत आणि कोणाची तरी वाट बघत. मी समजावलं, रागावलो, विनवलं. "अण्णा, फक्त 'दात' म्हणा. पुढचं मुली बघून घेतील." ते म्हणत, "बघून घेतील," आणि पुन्हा गप्प.

नमुनापाठाच्या दिवशी चिटणीस आले. उपरणं, पगडी, चांदीच्या मुठीची काठी. हेडमास्तर त्यांच्या शेजारी बसले आणि मी कोपऱ्यात. अण्णांनी फळ्यावर सूर लिहिले, सुरेख लिहिले. यंत्राला किल्ली दिली. वर्तुळात येऊन उभे राहिले. टक टक टक टक. मुली टक लावून बघतायत. अण्णांनी ओठ उघडले. टक टक टक टक. चिटणिसांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मला त्या क्षणी राजापूरची पडवी आणि गुरं डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि माझा धीर सुटला.

मी कोपऱ्यातून गायला लागलो. "दात घासा!"

काय पट्टी होती ती देवच जाणे. पुढच्या बाकावरच्या मुलीने कानावर हात ठेवला. पण माझा शेवटचा स्वर हवेत लटपटत होता, तोच अण्णांनी त्याच्याखाली आपला सूर घातला, उचलला, असा काही वळवून घेतला, की मी मुद्दामच तसं म्हटलं होतं असं वाटावं. मी दुसरी ओळ म्हटली. तीही त्यांनी सावरली. मुली सुरात आल्या. वर्ग दणाणून गेला. उभ्या आयुष्यात मी सुरात गायलो तो तेवढाच वेळ, आणि तेही रघुअण्णा मागे होते म्हणून.

चिटणीस खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमच्यात हा गुण आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! मग स्वतंत्र गायनशिक्षक हवा कशाला?"

"हवा कशाला," अण्णा मागून सवयीने बोलून गेले.

मी कपाळाला हात लावला. हेडमास्तरांनी प्रसंग सांभाळला. पुढच्या शनिवारी पुन्हा पाठ ठेवायचा, अण्णांनी एकट्यानेच तो घ्यायचा, गणिताच्या मास्तरांनी वर्गाबाहेर थांबायचं, असं ठरलं. तेव्हाही जमलं नाही तर दुसरा माणूस बघायचा.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी देवळामागच्या त्या खोलीकडे निघालो, चांगलं खडसावायचं म्हणून. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून गाण्याचा आवाज येत होता. म्हणून मी पायरीवरच थांबलो.

मोरोबुवा आख्यान संपवताना जे पद म्हणत, त्याचं पालुपद होतं ते. अण्णांनी ते घोळवून घोळवून म्हटलं आणि थांबले. मला वाटलं, संपलं. मी दाराला हात लावणार, इतक्यात पुन्हा पालुपद आलं. मग पुन्हा शांतता. ती शांतता बरोबर एका ओळीएवढी. मी आत डोकावलो. खोली एवढीशी, तरी अण्णा एका कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे होते. मधली जागा मोकळी. शांततेत त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती आणि डोळे त्या मोकळ्या जागेकडे लागले होते. ओळीएवढा वेळ झाला की ते मान हलवत, दाद दिल्यासारखी, आणि झील धरत.

खडसावायचं सगळं विसरलो. मी बऱ्याच वेळाने खोकलो.

"या मास्तर," ते दचकून म्हणाले. घोंगडी पसरली. मी बसलो. जे पाहिलं तेच विचारलं. "अण्णा, बुवांची ओळ तुम्हाला येते. मग म्हणत का नाही?"

ते बराच वेळ दिव्याची वात सारखी करत राहिले. मग म्हणाले, "येते हो. पण ती ओळ मी म्हटली की बुवा कुठे उभे राहणार?"

गणितात अशा प्रश्नांची सोय नाही.

"लोकांना वाटतं मी घाबरतो," अण्णा म्हणाले. "घाबरत नाही मी. तोंड उघडलं की वाटतं, थांबावं जरा. आत्ता सुरू करतील. एखाद वेळी उशीर व्हायचाच त्यांना. तपकीर ओढत बसायचे."

मी हा असा शीघ्रकोपी माणूस, पण त्या दिवशी माझा आवाज खाली आला. "अण्णा, एक सांगू? वर्गात त्या मुली बसलेल्या असतात. तुमच्याकडे बघत. अगदी तुमच्यासारख्याच, कोणीतरी सुरू करील म्हणून थांबलेल्या. तुम्ही नाही सुरू केलं तर त्यांनी झील कुणाची धरायची?"

"कुणाची धरायची?" रघुअण्णा म्हणाले. पण हे सवयीने आलेलं नव्हतं. ते खरोखरच विचारत होते. मी उठलो आणि घरी आलो.

शनिवारी मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. आतून किल्ली फिरवल्याचा आवाज आला, मग टक टक टक टक. मी खांबाला धरून उभा. ती टकटक किती वेळ चालली होती कोण जाणे, मला तर वाटलं की किल्ली संपणार. चिटणीस खाकरले. खुर्ची सरकली. आणि मग आवाज आला. कापरा, बारीक, एखाद्याने अंधारात पाय चाचपून टाकावा तसा.

"दात घासा..."

रघुअण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा सुरू केलेली ओळ ही. लगेच सगळ्या मुलींनी ती उचलली, "दात घासाऽऽ!" आत क्षणभर अण्णांचा आवाजच आला नाही. मला वाटलं, बुडालं सगळं. पण दुसरी ओळ आली, पहिलीपेक्षा मोठ्याने. तिसरी त्याहून मोठ्याने. चिटणिसांची काठी जमिनीवर ताल धरताना मला बाहेर ऐकू येत होती. नेमणूक तिथल्या तिथे झाली. पुतण्याला नको म्हणून कळवायचं ठरलं. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांना घेरून मुलींचा चिवचिवाट चालला होता आणि माझ्याशी बोलायला त्यांना फुरसत नव्हती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने पुरण शिजत घातलं आणि म्हणाली, "जा, अण्णांना जेवायला घेऊन या. आज तरी त्यांनी हाताने करून खाऊ नये." मी निघालो.

देवळात आरती होऊन गेली होती. पुजारी समया पुसत होते. मला बघून म्हणाले, "ऐकलंत का मास्तर? आज अण्णा काय रंगलेत! कधी नव्हे ते सबंध पद म्हणतायत."

मी मागे गेलो. तेच पद होतं. पहिली ओळ अण्णांच्या आवाजात आली, तिच्या पाठोपाठ पालुपद अण्णांच्या आवाजात आलं, मग दुसरी ओळ, पुन्हा पालुपद. कुठेही खंड नव्हता. चांगलं म्हणत असावेत, कारण देवळात आलेली दोन-चार माणसं ऐकायला थांबली होती. त्यातल्या एकाने "वाहवा" केली.

मला मात्र काही बरं वाटेना. त्या संध्याकाळी दोन पालुपदांमधल्या त्या रिकाम्या जागांत मला, सूर न कळणाऱ्या माणसाला, मोरोबुवा स्वच्छ ऐकू आले होते. खोलीत दोन माणसं आहेत असंच वाटलं होतं. आज मी दारातून आत बघितलं. अण्णा कोपऱ्यात नव्हते. ते खोलीच्या मधोमध उभे राहून गात होते, आणि त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

जेवणाची हाक मी तशीच ठेवली. मी पायरीवर बसलो, आणि पद संपेपर्यंत बसून राहिलो.